गळ्यात कॉलर आहे, तरी बिबट्या आत्ता कुठे आहे ते का सांगता येत नाही?

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर. या ऊसपट्ट्यात बिबट्याचा हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी वन खात्याची गाडी गावात येते आणि गाडीभोवतीच्या गर्दीतून एक मागणी हमखास पुढे येते. "साहेब, सगळ्या बिबट्यांना कॉलर लावून टाका. गावाकडं वळला की तुम्हाला दिसंल, तुम्ही आम्हाला फोन करा." मागणी करणारा रात्रभर पोरांना घरात कोंडून जागा राहिलेला असतो. त्याला पहाटे तीनला वीज आली की मोटार चालू करायला शेतात जायचं असतं. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण ते तसंच्या तसं मान्य झालं, तरी त्याला हवी असलेली गोष्ट त्यातून मिळणार नाही. का मिळणार नाही, हे मात्र त्याला कोणी बसून समजावून सांगत नाही. साहेब "बघू, वर कळवतो" म्हणतात, वर्तमानपत्रात "बिबट्याला रेडिओ कॉलर" एवढाच मथळा येतो, आणि लोकांच्या मनात कॉलर म्हणजे बिबट्याला बांधलेला अदृश्य दोर, अशी समजूत पक्की होते.

म्हणून आधी ही वस्तू नीट बघू.

रेडिओ कॉलर म्हणजे रबर, नायलॉन किंवा चामड्याच्या थरांचा जाड, न फाटणारा पट्टा. त्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे प्राण्याच्या गळ्याखाली, एक घट्ट बंद केलेली पेटी असते. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भाग तिच्यात असतात. अँटेना वरच्या बाजूला, मानेवर येते. ही रचना मुद्दाम केलेली असते. जड पेटी स्वतःच्या वजनाने खाली राहते, त्यामुळे प्राणी लोळला, झाडावर चढला, भांडला, तरी पट्टा फिरून पुन्हा जागेवर येतो आणि अँटेनाचं तोंड आकाशाकडे राहतं. वजनाचा साधारण नियम असा पाळतात की कॉलर प्राण्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जड नको. पन्नास किलोच्या बिबट्याला या हिशेबाने दीड किलोपर्यंत चालेल, पण प्रत्यक्षात त्याची कॉलर बरीच हलकी असते.

आता ती बोलते कशी? दोन पद्धती आहेत, आणि बहुतेक गैरसमज या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

जुनी पद्धत खऱ्या अर्थाने रेडिओची. कॉलरमधलं छोटं ट्रान्समीटर ठरावीक वारंवारतेवर, साधारण १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, सारखं टिक्-टिक् असा संदेश सोडत राहतं. प्रत्येक प्राण्याची वारंवारता वेगळी. माग काढणाऱ्या माणसाच्या एका हातात रिसीव्हर असतो आणि दुसऱ्या हातात यागी अँटेना, म्हणजे दूरदर्शनच्या काळात घराच्या छपरावर असायची तशीच आडव्या दांड्यांची. ती हळूहळू सगळीकडे फिरवायची. ज्या दिशेला टिकटिक सगळ्यात मोठी ऐकू येते त्या दिशेला प्राणी. नुसती दिशा कळून भागत नाही. मग होकायंत्रावर कोन टिपायचा, गाडी काढायची, किलोमीटर-दोन किलोमीटरवर दुसऱ्या टेकाडावर जायचं, पुन्हा कोन टिपायचा. नकाशावर दोन-तीन रेषा ओढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे तो असतो. "तिथे" म्हणजे तिथल्या आसपास. डोंगराच्या कड्यावरून आवाज परततो, दरीत तो अडतो, पावसाळ्यात दाट रानात क्षीण होतो. एका प्राण्याची एका दिवसाची जागा नक्की करायला कधी कधी माणसांची अख्खी सकाळ जाते.

याच पद्धतीने अमेरिकेत यलोस्टोनमध्ये जॉन आणि फ्रँक क्रेगहेड या भावांनी १९६१पासून ग्रिझली अस्वलांचा माग काढला. नेपाळच्या चितवनमध्ये १९७०च्या दशकात वाघांना कॉलर लागल्या. आपल्याकडे उल्हास कारंत यांनी १९९०पासून कर्नाटकातल्या नागरहोळेत वाघांना, तर रघू चुंदावत यांनी १९९६पासून मध्य प्रदेशातल्या पन्नात. त्याआधी वाघाबद्दल जे कळायचं ते ठशांवरून, शिकारीच्या अवशेषांवरून आणि मचाणावर बसून. रात्री दाट झुडपातला वाघ नेमका किती चालतो, एका वाघिणीला किती जंगल लागतं, याचं मोजमाप या टिकटिकीमुळे मिळू लागलं.

नवी पद्धत जीपीएसची. इथे कॉलर स्वतःच आपली जागा शोधते. पृथ्वीपासून सुमारे २० हजार किलोमीटरवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश ती ऐकते, किमान चार उपग्रह सापडले की हिशेब करून अक्षांश-रेखांश काढते आणि साठवते. इथपर्यंत ते फक्त तिलाच माहीत असतं. ते आपल्यापर्यंत पोचवायला दुसरी सोय लागते. कॉलरमध्ये सिमकार्ड असेल तर मोबाइल टॉवरमार्फत, नाहीतर इरिडियमसारख्या संदेशवाहक उपग्रहांमार्फत, किंवा मग माणसानेच ठरावीक अंतरावर जाऊन रेडिओने माहिती उतरवून घ्यायची. जीपीएस कॉलरमध्ये सहसा जुनी टिकटिकही ठेवलेली असते, कारण उपग्रहाने जागा सांगितली तरी शेवटचे दोनशे मीटर माणसाला अँटेना घेऊनच जावं लागतं.

जीपीएसच्या बाबतीत एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. मे २०००पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापरासाठीच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती मिसळणं बंद झालं आणि बिबट्या ओढ्यात होता की ओढ्याशेजारच्या घराच्या पडवीपाशी, हा फरक दिसू लागला. आपल्या भागातल्या बिबट्यांच्या अभ्यासाला या अचूकतेचा फार उपयोग झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढं सगळं असताना "आत्ता कुठे आहे" याचं उत्तर का मिळत नाही?

सगळा खेळ बॅटरीचा आहे. प्रत्येक वेळी जागा काढायला वीज लागते, ती पाठवायला त्याहून जास्त लागते, आणि बॅटरी बदलायची तर प्राण्याला पुन्हा भूल द्यावी लागते. समजा, एका कॉलरच्या बॅटरीत दहा हजार वेळा जागा नोंदवण्याएवढा दम आहे. दर तासाला नोंद घेतली तर ती चारशे सोळा दिवस चालेल, म्हणजे वर्षापेक्षा थोडी जास्त. दर तीन तासांनी घेतली तर साडेतीन वर्षांच्या आसपास. दर पाच मिनिटांनी घेतली, जी गावाला सावध करायला लागेल, तर पस्तीस दिवसांत कॉलर मेली. म्हणून अभ्यासक तासाची, तीन तासांची, कधी सहा तासांची अंतरं ठेवतात. शिवाय प्रत्येक नोंद लगेच पाठवण्याऐवजी तीन-चार जमल्या की एकदम पाठवतात, तेवढीच वीज वाचते.

याचा अर्थ काय होतो ते बघा. दर तीन तासांनी नोंद आणि चार नोंदींचा एक संदेश, असं ठरवलं असेल तर संध्याकाळी सहाला आलेल्या संदेशात सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन आणि सहा वाजताच्या जागा असतात. पुढचा संदेश पहाटे सहाला. रात्री दहाला कोणी विचारलं "कुठे आहे?" तर हातात चार तासांपूर्वीची जागा असते, आणि रात्री बिबट्या तासाला दोन-तीन किलोमीटर सहज चालतो. त्यातही तो दाट उसात किंवा घळीत असेल तर उपग्रह दिसत नाहीत आणि ती नोंद कोरीच राहते. पडद्यावर सरकणारा लाल ठिपका सिनेमात असतो. खऱ्या कामात सकाळी संगणक उघडला की रात्रीचे ठिपके दिसतात.

दुसरं कारण याहून मोठं आहे, आणि माझ्या मते लोकांना आधी तेच सांगायला हवं. कॉलर एका बिबट्याबद्दल बोलते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे म्हणावं असं जंगल नाही, त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास मोठे बिबटे होते, आणि जवळपास तितकेच तरस. त्यातल्या एकाला कॉलर लावून त्याची जागा मिनिटा-मिनिटाला कळली, तरी उरलेले चार अंधारात फिरतच असतात. "आज कॉलरवाला लांब आहे" या भरवशावर कोणी पोराला ओट्यावर खेळायला सोडलं, तर ती कॉलर धोका वाढवते. सगळ्यांना लावायची म्हटली तर प्रत्येकाला पकडावं लागेल, भूल द्यावी लागेल, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच, आणि तोवर नवे बछडे मोठे झालेले असतील.

पूर्वसूचना देणाऱ्या कॉलर अजिबात नाहीतच, असं मात्र नाही. केनियात हत्तींच्या कॉलरमध्ये सिमकार्ड घालून नकाशावर एक अदृश्य सीमा आखली होती. हत्तीने शेताकडची ती रेषा ओलांडली की रेंजरच्या फोनवर संदेश यायचा आणि गाडी निघायची. किमानी नावाचा पिकात घुसणारा नर हत्ती त्यामुळे प्रसिद्ध झाला. तिथे ते जमलं, कारण त्रास देणारे हत्ती मोजके आणि ओळखीचे होते, हत्तीच्या देहाला मोठी बॅटरी पेलते, आणि संदेश आल्यावर धावून जायला माणसं तयार होती. यातली एकही गोष्ट उसातल्या बिबट्याला लागू पडत नाही.

कॉलर लावताना काय काय करावं लागतं

वाघ आणि बिबट्या दोघेही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना भूल देऊन पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांपासून केंद्र सरकारपर्यंत परवानग्या लागतात. उपग्रहाशी बोलणारं उपकरण आणायचं म्हणून दूरसंचार विभागाची वेगळी परवानगी. कॉलर बहुतेक परदेशी बनावटीच्या, किंमत लाखांत. हल्ला झाला आणि आठवड्यात कॉलर लागली, असं का होत नाही, ते यावरून लक्षात येईल.

प्रत्यक्ष काम मात्र तासाभरात उरकावं लागतं. बिबट्या बहुतेक वेळा पिंजऱ्यात किंवा विहिरीत पडलेला सापडतो. वाघाला जंगलातच गाठून बंदुकीतून भुलीचं इंजेक्शन मारतात. आपल्याकडे बहुधा झायलाझिन आणि केटामाइन यांचं मिश्रण वापरलं जातं. डार्ट लागला की वाघ उठून चालू लागतो. त्याच्यामागे पळायचं नाही, पण नजरेआड होऊ द्यायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो बसतो, मग आडवा होतो. लांब काठीने हळूच स्पर्श करून कान हलत नाही याची खात्री केल्यावरच माणसं जवळ जातात. या औषधात प्राण्याचे डोळे उघडेच राहतात, म्हणून ते कोरडे पडू नयेत यासाठी मलम घालून डोळ्यांवर फडकं बांधतात. एक जण सतत श्वास मोजत असतो, एक जण गुदद्वारातून ताप बघत असतो. भुलीत शरीराचं तापमानाचं नियंत्रण सुटतं आणि उन्हात प्राणी तापून मरू शकतो, म्हणून पाण्याचे कॅन शेजारी तयार असतात.

आणि मग पट्टा किती घट्ट करायचा, हा प्रश्न येतो. यात अनुभवी हातच लागतो. मोठ्या नर वाघाची मान जवळपास डोक्याएवढीच जाड असते. पट्टा सैल राहिला तर तो पंज्याने ओढून काढून टाकतो, किंवा खालचा जबडा त्यात अडकून बसतो. घट्ट झाला तर गिळताना त्रास, आणि वाढत्या वयाचा प्राणी असेल तर काही महिन्यांत पट्टा रुतायला लागतो. पट्टा आणि मान यांच्यात हाताची बोटं आडवी सरकवून बघतात, मान वाकवून बघतात, पुन्हा बघतात. मग रक्ताचा नमुना, मापं, दातांची तपासणी, आणि उताऱ्याचं इंजेक्शन देऊन सगळे मागे होतात.

काम संपल्यावर कॉलर सुटावी यासाठी तिच्यात ठरावीक दिवसांनी किंवा दुरून दिलेल्या आज्ञेने उघडणारी कळ बसवलेली असते. काही पट्ट्यांत कापडाचा किंवा चामड्याचा एक तुकडा असा ठेवतात की तो कालांतराने कुजून तुटावा. कळ कधी कधी चालत नाही. मग पुन्हा भूल.

हे सगळं नीट केलं तरी कॉलर प्राण्याला काहीच करत नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. कुनोचं उदाहरण समोर आहे. सप्टेंबर २०२२मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले. सगळ्यांच्या गळ्यात कॉलर. जुलै २०२३च्या पावसाळ्यात तेजस आणि सूरज हे दोन नर काही दिवसांच्या अंतराने मेले, आणि त्यांच्या मानेभोवती जखमा, जखमांत अळ्या आढळल्या. बाकीच्यांना पकडून तपासलं तेव्हा आणखी काहींच्या कॉलरखाली तसंच दिसलं. त्या प्राण्यांच्या मूळ प्रदेशात जून ते सप्टेंबर हा हिवाळा असतो. शरीराने सवयीप्रमाणे दाट केस वाढवले, आणि इथे त्याच महिन्यांत आपला पाऊस. ओले केस, वर न हलणारा पट्टा, खाली कोंडलेली ओल, मग खाज, माश्या, जंतुसंसर्ग. जो पट्टा आफ्रिकेच्या कोरड्या माळावर वर्षानुवर्षं चालला, तो मध्य भारतातल्या पावसात जीवावर बेतला. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, हे कॉलरचा पट्टा निवडताना पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, असं मला आजही तीव्रतेने वाटतं.

बातम्यांत आणखी एक घोळ नेहमी दिसतो तो इथेच सोडवून टाकू. मायक्रोचिप म्हणजे कॉलर नव्हे. चिप असते साधारण बारा मिलिमीटर लांब, तिच्यात बॅटरी नसते, आणि ती शेपटीच्या मुळाशी कातडीखाली टोचतात. ती कुठलाही संदेश पाठवत नाही. वाचक यंत्र अगदी जवळ नेलं तरच ती आपला क्रमांक सांगते. "पकडलेला हा बिबट्या पूर्वी आपणच दुसरीकडे सोडलेला आहे का?" एवढ्याच प्रश्नाचं उत्तर ती देते. पण जुन्नरच्या बाबतीत हाच प्रश्न फार महत्त्वाचा होता.

आजोबा, टी-३ आणि वॉकर

२००१च्या सुमारास जुन्नर वनविभागात उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा धडाका सुरू झाला. हेतू चांगलाच होता. पण विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा उलटंच निघालं. माणसांवरचे हल्ले पूर्वी वर्षाला सरासरी चार होते, ते त्या काळात सतरावर गेले होते. अनोळखी जागी टाकलेला, पिंजऱ्याने हादरलेला प्राणी करतो काय, याचा अंदाज लोक बांधत होते. तो काय करतो हे डोळ्यांनी दाखवलं ते कॉलरने.

२००९च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. शांत स्वभावामुळे अभ्यासकांनी त्याला नाव दिलं आजोबा. माळशेजचं रान दाट, शिकार होती, पाणी होतं. आजोबा थांबलाच नाही. ठिपके पश्चिमेकडे सरकत गेले. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली, आणि जवळपास महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत वस्त्या होत्या, कारखाने होते, हजारो माणसं होती. त्याने कोणालाही इजा केली नाही, आणि त्याला पाहिल्याची बोंबही उठली नाही. २०११मध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. तोवर कॉलर राहिली नव्हती. ओळख पटली ती चिपमुळे.

या एका प्रवासाने दोन गोष्टी पुराव्यानिशी पुढे आल्या. उचलून नेलेला बिबट्या नेला तिथे राहीलच असं नाही. आणि माणसांच्या गर्दीतून जाणारा बिबट्या माणसांना टाळत जातो. पुढे कॉलर लावलेल्या आणखी बिबट्यांच्या ठिपक्यांवरूनही तेच दिसलं. दिवसा ते उसात, ओढ्याच्या झाडीत गपगार पडून, आणि रात्री माणसं झोपली की घरांच्या अगदी जवळून, कुत्री-कोंबड्या-शेळ्यांच्या वासाने ये-जा. गावाला "बिबट्या आला" असं वाटतं ते तो दिसतो तेव्हा. ठिपके सांगतात की तो रोजच होता. २०२१मध्ये संजय गांधी उद्यानात सावित्री, महाराजा, क्रिमसन, डेल्टा आणि जीवन या पाच बिबट्यांना कॉलर लावल्या, त्याही याच हेतूने, की एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत हे प्राणी रस्ते आणि वस्त्यांमधून वाट कशी काढतात हे कळावं.

वाघाचं असंच एक उदाहरण पन्नातलं. २००९पर्यंत पन्नातले सगळे वाघ संपले होते. बाहेरून दोन वाघिणी आणल्या, आणि नोव्हेंबर २००९मध्ये मध्य प्रदेशातल्याच पेंचमधून टी-३ हा नर. काही दिवसांत टी-३ पन्ना सोडून दक्षिणेला निघाला, नेमका पेंचच्या दिशेने. गळ्यात कॉलर होती म्हणूनच मागे हत्ती आणि कर्मचाऱ्यांचा ताफा राहू शकला. छतरपूर, सागर, दमोह, असं करत अखेर २५ डिसेंबरला त्याला भूल देऊन परत आणलं. एप्रिल २०१०मध्ये टी-१ वाघिणीला त्याच्यापासून बछडे झाले आणि आजच्या पन्नातल्या वाघांची सुरुवात तिथून झाली. ती टिकटिक नसती तर टी-३ कुठल्या तरी शेताच्या कडेला विजेच्या तारेत सापडला असता, आणि पन्नाचा प्रयोग तिथेच संपला असता.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो यवतमाळचा वाघ. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, तिथल्या टी-१ वाघिणीचा (पन्नातली टी-१ वेगळी) बछडा, इंग्रजीत कब, म्हणून सी-१, आणि पुढे जगभर "वॉकर". फेब्रुवारी २०१९मध्ये त्याला कॉलर लागली, पावसाळ्याच्या तोंडावर तो आईचं घर सोडून निघाला. दर तासाला एक नोंद, अशा पाच हजारांवर नोंदी जमल्या. कपाशीची शेतं, नदीनाले, महामार्ग ओलांडत, विदर्भ-मराठवाड्यातून आणि तेलंगणाच्या कडेकडेने तो तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. दिवसा झुडपात पडून राहायचं, चालायचं ते बहुतेक रात्री. एवढ्या प्रवासात माणसाशी त्याची गाठ बिघडली ती एकदाच. तो विसावला होता त्या झुडपातच काही जण शिरले आणि एकाला किरकोळ इजा झाली. एप्रिल २०२०मध्ये त्याची कॉलर काढली.

नकाशावर जिथे जंगलाचा हिरवा रंग संपतो तिथे वाघाचा प्रदेश संपतो, असं आपण धरून चाललो होतो. वॉकरच्या ठिपक्यांनी दाखवलं की कोणी भ्रमणमार्ग म्हणून कधी न आखलेल्या ओढ्या-नाल्यांच्या काठांनी, पडीक माळांवरून, उभ्या पिकांतून वाघ जिल्हेच्या जिल्हे ओलांडतो. रस्ता रुंद करताना, कालवा खणताना, खाणीला जमीन देताना "इथे वन्यप्राणी नाहीत" असं लिहून मोकळं होण्याची जी सवय आहे, तिला उत्तर देता येईल असा पुरावा या पट्ट्याने दिला. कॉलरची खरी कमाई मला इथे दिसते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला जय हा देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध वाघांपैकी एक. त्याच्या गळ्यात कॉलर होती. एप्रिल २०१६मध्ये संदेश यायचे थांबले आणि जय पुन्हा कोणाला दिसला नाही. बऱ्याच कॉलरमध्ये अशी सोय असते की पट्टा ठरावीक तास अजिबात हलला नाही तर टिकटिकीचा वेग बदलतो आणि प्राणी मेला असावा हे कळतं. पण कोणी पट्टा तोडून, ठेचून फेकला तर तीही सोय निकामी.

आणि ही माहिती वाईट माणसाच्या हाती पडली तर? २०१३मध्ये पन्नातल्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर यायची, ते खातं उघडण्याचा प्रयत्न झाला. प्रयत्न पुण्यातून झाल्याचं तेव्हा समोर आलं आणि तो वेळीच अडवला गेला. कॉलर लावलेल्या वाघाची ताजी जागा वन खातं पत्रकारांना किंवा गावकऱ्यांना का सांगत नाही, याचं हेही एक कारण आहे. लपवाछपवी वाटते, पण शिकाऱ्याला लागते तीच माहिती.

आता थोडं उपयोगाचं. गळ्यात पट्टा असलेला वाघ किंवा बिबट्या दिसला तर तो पाळलेला, माणसाळलेला किंवा कोणाच्या ताब्यातला आहे असं समजू नका. तो इतर बिबट्यांइतकाच रानटी आहे, अंतर तेवढंच ठेवा. फोटो काढलाच तर गावाचं नाव, शेताचा गट किंवा लोकेशन घालून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. शेतात, ओढ्यात पडलेला पट्टा सापडला तर तो घरी आणू नका आणि उघडून बघू नका. जागा लक्षात ठेवा आणि वनरक्षकाला किंवा वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. पट्ट्याच्या पेटीत कधी कधी न पाठवता आलेल्या महिनोन्महिन्यांच्या नोंदी असतात, आणि तो तिथे गळून पडला, कापला गेला की त्याखाली प्राणी मेला, हे शोधायला ती जागा जशीच्या तशी असावी लागते.

रात्रीच्या पाण्याचं, ओट्यावर खेळणाऱ्या पोरांचं, गोठ्याच्या उघड्या दाराचं काम मात्र कॉलरवर सोपवता येत नाही. त्यासाठी दिवसा वीज लागते, बंदिस्त गोठे लागतात, उसाच्या कडेला उजेड लागतो, आणि वस्तीवरच्या कचऱ्याबरोबर वाढणारी भटकी कुत्री कमी व्हावी लागतात. गाडीभोवती जमल्यावर साहेबांकडे मागायची यादी ही आहे.